पाणी जातं कुठं? स्पोर्ट्स कारच्या कूलंटची गोष्ट

आजचा भाग हायवेवरचा आहे. आपलं कारंजा, म्हणजे कारंजा घाडगे, वाशिमकडचं कारंजा लाड नाही (मॅप लावताना एकदा बघून घेत जा), नागपूर-अमरावती रस्त्यावर कोंढाळी आणि तळेगावच्या मधे आहे. मे महिन्याची दुपार, रस्त्याच्या कडेला दोन दरवाज्यांची एखादी महागडी गाडी उभी, खालून हिरवं-गुलाबी काहीतरी टपकतंय, आणि ढाब्यावरून आवाज येतो, "पाणी टाका ना भाऊ, चालू होते!" सल्ला प्रेमाचाच असतो. पण तो आला कुठून, आणि आजच्या गाडीला का चालत नाही, हे आज बघू.

सुरुवात 1886 च्या कार्ल बेंझच्या तीनचाकीपासून. तिच्या इंजिनाभोवती पाणी असायचं. ते तापायचं, उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. म्हणजे पाणी कमी होणं हा बिघाड नव्हता, डिझाइनच तसं होतं! ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्झहाइमला निघाली. साधारण 106 किलोमीटर. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, हा किस्सा सगळे सांगतात. मला त्या प्रवासातलं पाणी जास्त महत्त्वाचं वाटतं. संधी मिळेल तिथे थांबायचं आणि भरायचं. जगातला पहिला लांबचा कार प्रवास हा एका अर्थी कूलंट टॉप-अपचाच प्रवास होता.

मग 1901 ची मर्सिडीज 35 एचपी आली. आजच्या स्पोर्ट्स कारची आजीच म्हणा. विल्हेल्म माय्बाखने तिला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला. 8070 बारीक चौकोनी नळ्या, मागे पंखा. पाणी लागायचं फक्त 9 लिटर. आता तेच पाणी फिरून फिरून वापरायचं होतं, उडवायचं नव्हतं. त्याच वर्षी नीसच्या शर्यतींमध्ये या गाडीने बाकीच्यांना मागे टाकलं.

पुढे ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत तर नियमच होता, की ठरावीक लॅप्स झाल्याशिवाय तेल-पाणी भरायचं नाही. झाकणांना शिशाचं सील ठोकायला वेगळा माणूस असायचा. पाणी गळत असेल तर लपवायला जागाच नाही. मला हा नियम फार आवडतो.

आपल्याकडे मात्र उलटी सवय लागली. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि मग पद्मिनी निघाली. बोरघाटात बॉनेट उघडून, झाकणावर ओलं फडकं टाकून उभे असलेले काका आठवतात का? नसतील तर घरच्यांना विचारा. डिकीत पाण्याचा कॅन हा घाटातल्या प्रवासाचा भागच होता. "पाणी टाक" हे शहाणपण त्या पिढीने खऱ्या अनुभवातून कमावलं होतं. 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, पण सल्ला अजून धावतोय.

यात गंमत पोर्शेची. 1963 मध्ये दाखवलेली 911 हवेने थंड व्हायची. कूलंटच नाही, मग गळणार काय? 1990 च्या दशकाच्या शेवटी ती पाण्यावर आली. नंतरच्या टर्बो आणि जीटी3 च्या इंजिनात काही कूलंट जोडण्या चक्क गोंदाने चिकटवलेल्या होत्या. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन त्या सुटायच्या आणि सगळं कूलंट रस्त्यावर. रेस ट्रॅकवर तेच मागच्याच्या टायरखाली! मालक लोक त्या जोडण्या वेल्ड करून घेतात किंवा पिन ठोकून घेतात. इंजिन दणकट, जोड कच्चा. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं, कोड चांगला आणि इंटिग्रेशन कोसळतं.

आता विदर्भाचं ऊन. रेडिएटर चालतो तापमानाच्या फरकावर. कूलंट 95 अंश आणि बाहेर 20 असेल तर फरक 75. बाहेर 45 असेल तर 50. म्हणजे तोच रेडिएटर दोन-तृतीयांश काम करतो. मालक म्हणतो, ऊन लागलं. पण बंद सिस्टिममधलं कूलंट उन्हाने संपत नाही. आधीपासूनची बारीक गळती ऊन उघडी पाडतं. वारंवार टॉप-अप करणं म्हणजे मेमरी लीक असलेला सर्व्हर रोज रीस्टार्ट करणं.

मग शोधायचं कसं? इंजिन पूर्ण थंड असताना टाकीची लेव्हल खूण करून ठेवा. गरम असताना झाकण कधीच उघडू नका. आत दाब असतो म्हणून पाणी 100 अंशांच्या वरही उकळत नाही, झाकण सुटलं की क्षणात वाफ होते आणि तोंड भाजतं. मिस्त्रीकडे हातपंपाचा प्रेशर टेस्टर असतो. थंड सिस्टिममध्ये झाकणावर लिहिलेला दाब भरायचा आणि काटा पडतो का बघायचं. पडला तर होजचे क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांच्या कडा, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, सगळीकडे वाळलेले पांढरे-गुलाबी डाग शोधा. झाकणही तपासा. सगळ्यात स्वस्त भाग तोच, आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास असेल तर हीटर कोअर.

बाहेर काहीच नाही, तरी लेव्हल उतरते? मग हेड गॅस्केटवर संशय. गरम इंजिनातूनही गोडसर पांढरा धूर, तेलाला दुधाळ रंग, टाकीत बुडबुडे. एक निळं केमिकल टाकीच्या तोंडाशी धरतात, सिलिंडरमधला वायू आत येत असेल तर ते पिवळं पडतं. इथे "अजून थोडे दिवस चालवू" म्हटलं की हेड वाकतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

दुरुस्तीत एक गोष्ट फक्त स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असेल तर पाइप अख्ख्या गाडीच्या लांबीतून जातात. नुसतं ओतून भरलं तर कुठेतरी हवा अडकते, मिस्त्री ज्याला एअर लॉक म्हणतात तेच. टाकी भरलेली दिसते आणि इंजिन तरीही तापतं. म्हणून आधी व्हॅक्यूम लावून हवा काढायची, मग कूलंट आत खेचू द्यायचं. मिश्रण कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच, बहुतेकदा डिस्टिल्ड पाण्यासोबत निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतात. आणि रंग बघून कूलंट मिसळू नका, हिरव्या-गुलाबी रंगाला काही सर्वमान्य अर्थ नाही.

हायवेवर अडकलातच, तर इंजिन बंद करा, सावलीत बसा, अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्या, हाताला गरम लागलं तर आणखी थांबा. दुसरं काहीच नसेल तर पूर्ण थंड इंजिनात साधं पाणी टाकून मिस्त्रीपर्यंत जाता येतं, नजर टेम्परेचरच्या काट्यावर ठेवून. पोचल्यावर त्याला आधी सांगा की आत पाणी आहे, म्हणजे तो सगळं काढून, धुऊन, नव्याने भरेल.