मायो बेटाचा सूर, रिओमार्गे

1965 साली अमेरिकेत ‘ब्लू नोट’नं एक रेकॉर्ड बाजारात आणली. वेष्टनावर वादकाऐवजी हॅट घातलेला, सिगार ओढणारा एक वयस्कर माणूस होता. रेकॉर्डचं नाव ‘साँग फॉर माय फादर’, पियानोवादक आणि रचनाकार होरेस सिल्व्हर, आणि फोटोतला माणूस त्याचे वडील जॉन ताव्हारिस सिल्व्हा. आपलं घर, आपलं गाव यांवर आल्बम करणं हे आज जॅझमध्ये नेहमीचं झालं आहे. त्या प्रकारातल्या सर्वांत गाजलेल्या रेकॉर्डांपैकी ही एक. बापाचं संगीत लेकाकडे आलं, एवढीच तिची कथा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते संगीत बऱ्याच आडवळणानं आलं.

सिल्व्हरचा जन्म 1928 चा, कनेक्टिकट राज्यातल्या नॉरवॉकचा. वडील रबराच्या कारखान्यात कामाला. शनिवारी रात्री कधीकधी घरच्या स्वयंपाकघरातच मैफल जमायची. वडील, काका आणि मित्रमंडळी व्हायोलिन, गिटार, मँडोलिन घेऊन बसायची आणि मायदेशाची गाणी वाजवायची. मायदेश म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरची केप वर्दे बेटं, आणि त्यांतलं मायो हे वडिलांचं बेट. पोरानं ते सूर लहानपणीच ऐकले, पण त्याला ओढ लागली ती जॅझची. जिमी लन्सफर्डचा बँड ऐकला आणि आपण वादकच व्हायचं हे त्यानं ठरवून टाकलं. पुढे आर्ट ब्लेकीबरोबर ‘जॅझ मेसेंजर्स’ उभं करून त्यानं चर्चमधलं गाणं आणि ब्लूज यांच्या बळावर हार्ड बॉप नावाची शैली घडवली. आपल्याकडची गाणी जॅझमध्ये बसव, असं वडील त्याला सांगत. ते त्यानं बरीच वर्षं मनावर घेतलं नाही.

मग 1964 च्या सुरुवातीला कार्निव्हलच्या दिवसांत तो रिओ दि जानेरोला गेला. मुक्काम ब्राझिली संगीतकार मित्र सर्जिओ मेंडिसकडे. ब्राझीलच्या बोसा नोव्हा संगीताची लाट तेव्हा अमेरिकेपर्यंत पोचली होती, पण ती लय तिच्या घरी ऐकणं वेगळं होतं. परतल्यावर त्या धर्तीवर काही रचायला तो पियानोशी बसला, आणि हाताखाली जे उमटू लागलं त्यात त्याला ब्राझीलपेक्षा नॉरवॉकचं स्वयंपाकघर ऐकू आलं.

याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पोर्तुगीज पंधराव्या शतकात पोचले तेव्हा केप वर्दे निर्जन होतं. 1462 मध्ये तिथे रिबेरा ग्रांदे ही वसाहत वसली आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या व्यापाराचा तो मोठा अड्डा झाला. मायोवर मिठागरं होती. इंग्रज जहाजं मीठ भरायला इतकी येत, की तिथलं मुख्य गाव ‘पोर्तो इंग्लेस’, म्हणजे इंग्रजांचं बंदर, म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पुढे हेच मीठ ब्राझीललाही जात असे. ज्या जहाजांतून माणसं आणि माल गेला, त्यांतूनच गाणीही फिरली. केप वर्देची मोर्ना ही गानशैली घडण्यात ब्राझीलच्या मोदिन्या या गीतप्रकाराचा हात असावा, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे रिओत सिल्व्हरला भेटली ती त्याच्या वडिलांच्या गाण्याची चुलत बहीण. एकोणिसाव्या शतकात दुष्काळानं पिचलेली बेटावरची माणसं व्हेलच्या शिकारी जहाजांवर खलाशी होऊन न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. त्याच वाटेवर नॉरवॉक येतं.

‘साँग फॉर माय फादर’ ही चाल 26 ऑक्टोबर 1964 रोजी न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. कार्मेल जोन्स ट्रंपेटवर, जो हेंडरसन टेनर सॅक्सोफोनवर, टेडी स्मिथ बासवर, रॉजर हम्फ्रीज ड्रम्सवर. बास षड्ज-पंचमावर झुलत राहतो, वर एफ मायनरमधली सोपी धून. एक ओळ दोनदा आणि मग तिसरी, अशी चोवीस मात्राखंडांची बांधणी. ब्लूजमध्येही पहिली ओळ पुन्हा येऊन तिसरी तिला उत्तर देते. ब्राझीलची चाल, बेटावरची हुरहूर आणि अमेरिकी ब्लूजचा साचा असे तिन्ही धागे इथे एकत्र आले. बाकी आल्बम मात्र काही वडिलांना वाहिलेला नाही. त्यात 1963 मध्ये आधीच्या संचाबरोबर वाजवलेलं ‘कॅलकटा क्यूटी’सुद्धा आहे. पुढच्याच वर्षी सिल्व्हरनं ‘द केप व्हर्दियन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केला आणि वडिलांची बेटं थेट शीर्षकात आली. ‘साँग फॉर माय फादर’मधला तो बास नंतर कुठेकुठे पोचला. ‘स्टीली डॅन’ या रॉक बँडच्या 1974 मधल्या ‘रिकी डोंट लूज दॅट नंबर’ची सुरुवात ऐकली की ओळख लगेच पटते.

केप वर्दे आणि गोवा ही एकाच पोर्तुगीज साम्राज्याची दोन टोकं. गोव्यात चर्चच्या शाळांत पोरं व्हायोलिन आणि नोटेशन शिकली, पोटासाठी मुंबईला आली आणि हॉटेलांतल्या बँडमध्ये जॅझ वाजवू लागली. हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांतलाच. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (1951) गाण्यांत जो झोत आहे, त्यात त्याचाही वाटा आहे. मडगावचा ख्रिस पेरी, मूळ आडनाव परेरा, सिल्व्हरच्याच वयाचा. सिल्व्हाचं सिल्व्हर झालं तसं परेराचं पेरी झालं. यानंही मुंबई-कलकत्त्याच्या क्लबांत परक्या संगीतात हात बसवला आणि मग गायिका लॉर्नाच्या आवाजात कोकणी गाणं त्यात आणून बसवलं. दोघांचा क्रम तोच. आधी घराबाहेरचं संगीत, मग त्याच्या आधारानं घरचं.

अलीकडचा दाखला रुद्रेश महंतप्पाचा. कर्नाटकातले आईवडील, जन्म इटलीतला, बालपण अमेरिकेत, वाद्य आल्टो सॅक्सोफोन. मोठ्या भावानं त्याला गंमत म्हणून कद्री गोपालनाथ यांची रेकॉर्ड दिली. आपल्या आईवडिलांच्या मुलखात, आपल्याच वाद्यावर कुणी कर्नाटक संगीत वाजवतं, हे त्याला त्यातून कळलं. महंतप्पा आणि गोपालनाथ यांचा ‘किन्समेन’ हा आल्बम 2008 मध्ये आला. नावात भाऊबंद आहेत, पण ते रक्ताचे नाहीत.

कुटुंबावरचा आल्बम म्हटलं की आपण मुळं शोधायला जातो. या सगळ्यांच्या बाबतीत मुळांइतकेच रस्ते कामाला आले आहेत. वडिलांच्या सांगण्यानं जे झालं नाही, ते एका ब्राझिली मित्राच्या घरी पाहुणा म्हणून राहिल्यानं झालं. त्यात वडिलांचा पराभव नाही. त्यांनी स्वयंपाकघरात व्हायोलिन वाजवलं नसतं, तर रिओत मुलाला फक्त बोसा नोव्हा ऐकू आली असती.