लायसिनवरचा भाबडा भरवसा

मांजर शिंकू लागलं, डोळे चिकटू लागले की मांजरं पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : लायसिन द्या, गुण येतो; नाही आला तरी अपाय नाही. या सल्ल्याचे दोन्ही भाग मला अमान्य आहेत.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा. मांजरांच्या संसर्गजन्य सर्दीमागे बहुतेकदा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू असतो. हर्पिसला वाढायला आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागतं. लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल आर्जिनिनला अटकाव करतं, म्हणून विषाणूची उपासमार होईल, असा हा युक्तिवाद. सुरुवातीच्या काही छोट्या प्रयोगांत थोडा फरक दिसलाही होता.

पण प्रयोगशाळेत पेशींवर हा परिणाम दिसला तो आर्जिनिन अगदी कमी ठेवल्यावर. मांजराला लायसिन भरपूर चारलं तरी त्याच्या रक्तातलं आर्जिनिन घटत नाही. आणि ते घटावं अशी इच्छा तरी का धरायची? आर्जिनिन नसलेलं एकच जेवण पोटात गेलं, तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया साचतो आणि जिवावर बेततं, हे मॉरिस आणि रॉजर्स यांनी १९७८ सालीच दाखवलं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवारागृहातल्या मांजरांना जास्त लायसिनचं खाद्य दिलं, तर आजार त्यांच्यातच अधिक बळावलेला आढळला. बोल आणि बुनिक यांनी २०१५ साली सगळे पुरावे तपासले आणि लायसिन ताबडतोब थांबवा, असं स्पष्ट लिहिलं.

‘आमचं मांजर तर बरं झालं!’ होणारच. साधी सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते. हर्पिस मात्र मज्जातंतूंत दडून राहतो आणि नवं घर, नवं मांजर अशा ताणानंतर पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून खरी काळजी घ्यायची ती ताणाची आणि लसीची. लसीने संसर्ग पुरता टळत नाही, पण आजार सौम्य राहतो.

नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास आल्याशिवाय मांजर खात नाही. बिनमिठाचा उकडलेला मासा कोमट करून नाकाशी धरावा, पापण्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसाव्यात. दिवसभर अन्नाला तोंड न लावलेलं किंवा डोळा मिटून बसलेलं मांजर थेट पशुवैद्याकडे न्यावं. हर्पिसवर उपयोगी पडणारं फॅमसायक्लोव्हिर द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे त्यांनीच ठरवायचं. घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नये. मांजराचा जीव जायला एक गोळी पुरते.