पिंपरीची प्रतिजैविके आणि मात्रेचे कोडे

१/ पिंपरी म्हटले की आज मोटारींचे कारखाने आठवतात. पण पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली अस्तित्वात आली, त्याच्या बऱ्याच आधी, १९५४ मध्ये, येथे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

२/ १९६० च्या दशकात याच आवारात स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. दोन्ही प्रतिजैविके, दोन्ही इंजेक्शनने द्यायची. तरीही एकाच्या मात्रेचा नियम दुसऱ्यास लावणे धोक्याचे होते. हे वैद्यकशास्त्र कसे शिकले, त्याची ही कथा.

३/ फेब्रुवारी १९४१, ऑक्सफर्ड. अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. प्रकृती झपाट्याने सुधारू लागली. परंतु मूत्रपिंडे हे औषध लगोलग शरीराबाहेर टाकतात. डॉक्टरांनी रुग्णाच्या लघवीतून ते पुन्हा वेगळे काढून वापरले. अखेर साठाच संपला. १५ मार्चला त्याचा मृत्यू झाला.

४/ पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेची बांधणी रोखते. भित्तिका उभारण्याचे काम चालू असलेला, म्हणजे वाढणारा जिवाणूच त्याच्या तडाख्यात सापडतो. मानवी पेशीला अशी भित्तिका नसते. म्हणून ॲलर्जी नसेल, तर मोठी मात्राही बहुतेकांना सोसते.

५/ मग एकदाच भरपूर औषध का देऊ नये? १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी ईगल यांनी दाखवले की, ठरावीक पातळीपलीकडे मात्रा वाढवून जिवाणू अधिक वेगाने मरत नाहीत. काही जातींत तर वेग मंदावतो. महत्त्वाचा ठरतो तो काळ. रक्तातील पातळी पुरेशी राहिली किती तास? पेनिसिलिनची इंजेक्शने काही तासांच्या अंतराने द्यावी लागत, ती यासाठीच.

६/ स्ट्रेप्टोमायसिनचा न्याय उलटा. १९४३ मध्ये अल्बर्ट शॅट्झ यांनी सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते शोधले. ते जिवाणूची प्रथिननिर्मिती बिघडवते आणि रक्तातील पातळी जितकी उंच, तितका संहार अधिक. मात्र तेच औषध अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशींनाही मारते. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

७/ ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९४८ ची चाचणी प्रसिद्ध आहे. फुप्फुसाच्या क्षयाच्या ५५ रुग्णांना रोज २ ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन, चार भागांत विभागून, देण्यात आले. ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४, तर दुसऱ्यात १४ मृत्यू झाले.

८/ या यशाची किंमतही नोंदली गेली. औषध मिळालेल्या अनेकांना चक्कर येऊ लागली, आणि अनेकांच्या थुंकीतील क्षयजंतू औषधाला दाद देईनासे झाले. मात्रा वाढवावी तर कान जातो, कमी करावी तर जंतू शिरजोर होतो! वाट निघाली ती जोडऔषधाने : १९५० पर्यंत सिद्ध झाले की, सोबत ‘पास’ हे दुसरे औषध दिल्यास प्रतिकार पुष्कळच टळतो.

९/ क्षयोपचारात पुढे दिवसाला एकच इंजेक्शन रूढ झाले. या गटाच्या औषधांना ही पद्धत मानवते : एकदा उंच पातळी गाठून जंतू मारायचे, मग पातळी उतरू देऊन कानाला व मूत्रपिंडाला उसंत द्यायची.

१०/ पिंपरीचे स्वतःचे संशोधन म्हणजे हॅमायसिन. एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी ते ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या सूक्ष्मजीवापासून मिळवले. औषधाच्या नावात कंपनी, सूक्ष्मजीवाच्या नावात गाव. हे बुरशीनाशक बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटते. आपल्या पेशीपटलातील कोलेस्टेरॉल त्याच कुळातले. तारक आणि मारक मात्रेतील अंतर त्यामुळे अरुंद. हॅमायसिनचा वापर मुख्यतः त्वचा, तोंड अशा वरवरच्या संसर्गांपुरता राहिला.

११/ एका औषधात घड्याळ पाहायचे, दुसऱ्यात शिखर, तिसऱ्यात सीमारेषा. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. पिंपरीत पेनिसिलिन तयार होण्याच्या दहा वर्षे आधीचा हा इशारा दुकानातून दोनच गोळ्या घेऊन जाणाऱ्याला आजही लागू आहे.