दित्त : कातडी विकणारा, लंगडा, स्यालकोट

धर्मांतराचा इतिहास म्हटला की आपल्यापुढं गोरा साहेब उभा राहतो. हातात बायबल, डोक्यावर हॅट, मागं शाळा आन् दवाखाना. शेंडीवाले म्हणतात, धान्यासाठी बाटले. मिशनवाले म्हणतात, आमच्या साहेबांनी उद्धार केला. भांडण मोठं दिसतं, पण आतून दोघांचं म्हणणं एकच : अस्पृश्याला स्वतःचं डोकं नाही, कुणीतरी नेलं म्हणून तो गेला.

म्हणून दित्तची गोष्ट सांगायची. पंजाबात, स्यालकोट जिल्ह्यात, शहाबदीके नावाच्या खेड्यातला हा माणूस. जात चुहडा. हा शब्द आज शिवी म्हणून वापरतात. इथं लिहावा लागतो, कारण त्या काळच्या सगळ्या कागदांत तोच आहे. अँड्र्यू गॉर्डन या मिशनऱ्यानं लिहून ठेवलंय : रंगानं काळा, एका पायानं लंगडा, स्वभावानं शांत, वय तिशीच्या आसपास. धंदा कातडीचा. गावोगाव फिरून मेल्या जनावरांची कातडी घ्यायची आन् मोठ्या व्यापाऱ्याला विकायची.

आपल्याकडं जसा महार बलुत्याला बांधलेला, तसा तिकडं चुहडा सेपीला बांधलेला. जाटाच्या शेतात राबायचं, गोठा काढायचा, सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. मेलेलं ढोर ओढायचं आन् त्याचंच मांस खायचं. वस्ती गावाबाहेर. देव मात्र त्यांचा स्वतःचा होता. लालबेग, बालाशाह ही नावं ते पिढ्यान्‌पिढ्या गात होते. ‘यांना धर्मच नव्हता, आम्ही दिला’ असं जे सांगतात, त्यांनी हे एकदा वाचावं.

अमेरिकेच्या युनायटेड प्रेस्बिटेरियन मिशननं स्यालकोटला १८५५ साली ठाण मांडलं. त्यांची नजर वरच्या जातीवर. ब्राह्मण, खत्री, मौलवी हाती लागला की बाकीचे आपोआप येतील असा हिशेब. हिशेब फसला. वरच्या जातीतला एखादा यायचा, पण आला की घरातून तुटायचा. मग त्याला मिशनच्या आवारात ठेवायचं, रोटी द्यायची, काम द्यायचं. अठरा वर्षांत हाती आलेली माणसं थोडीच. आवारात बसलेल्या माणसाचं गावात ऐकणार कोण?

नत्तू हा असाच एक. जातीनं जाट, ख्रिस्ती झालेला. मिशनच्या लेखी हा कच्चा भाऊ, फारसा कामाचा नाही. या नत्तूशी बोलता बोलता दित्तला येशूची गोष्ट कळली. १८७३ च्या जूनमध्ये नत्तू त्याला घेऊन सॅम्युएल मार्टिन या पाद्र्याकडं गेला आन् म्हणाला, याला बाप्तिस्मा द्या. मार्टिन बिचकला. थोडे दिवस इथंच राहा, शीक, मग बघू, असं त्याचं मत. पण विचारपूस केली तर माणूस पक्का निघाला. नाकारायला कारण सापडेना. बाप्तिस्मा झाला. आन् दित्त म्हणाला, आता मी घरी जातो.

माझ्या मतानं सगळा इतिहास या एका वाक्यात वळला. रोटी मागितली नाही, आवारात खोली मागितली नाही. घरी जातो म्हणाला. साहेबालाच याचं नवल वाटलं.

घरी काय फुलं उधळली नाहीत. भाऊबंद तुटून पडले. आम्हाला न विचारता धर्म सोडलास, आजपासून पाणी बंद, भाकरी बंद. साहेब झालास का, म्हणून टोमणे. भावजयीनं तर शाप दिला, एक पाय मोडलाच आहे, दुसराही मोडो. दित्त गप ऐकून घ्यायचा आन् तिथंच राहायचा. ऑगस्टमध्ये बायको, मुलगी आन् दोन शेजारी यांना घेऊन तो पुन्हा स्यालकोटला निघाला. तीस मैल, पायी, लंगड्या पायानं. १८७४ च्या फेब्रुवारीत आणखी चार जण आणले. त्यातला काका नावाचा माणूस पुढं त्याचा साथीदार झाला.

फिरतीचा धंदा त्यानं सोडला नाही. आता कातडीचा धंदा म्हणजे काय हे आपल्या लोकांना शिकवायला नको. कातडीवाला आला की गावकुसाबाहेर बसतो. ढोर कशानं मेलं, भोक कुठं पडलंय, भाव किती, यावर तासभर घासाघीस. मग हुक्का. मग कोण मेलं, कुणाची सोयरीक जमली. त्यात कुणीतरी विचारणारच, ‘तू म्हणे इसाई झालास? मिळालं काय?’ म्हणजे टोमणा मारायला तोंड उघडायचं आन् तिथूनच बोलणं सुरू व्हायचं. व्यासपीठ नाही, पेटी-तबला नाही, पत्रकं नाहीत. असती तरी वाचली कुणी असती? हा परका साहेब नव्हता. आपल्यासारखाच मेलं ढोर सोलणारा, आपल्याच बोलीत बोलणारा. गाव अनोळखी असलं तरी वस्ती ओळखीची. दोन प्रश्नांत कुठलं तरी नातं निघतंच.

अकरा वर्षांत पाचशेहून जास्त माणसं आली. १९०० पर्यंत स्यालकोट जिल्ह्यातले निम्म्याहून जास्त चुहडे ख्रिस्ती झाले. १९१५ पर्यंत बाहेर राहिलेले काही शे. १८८१ च्या शिरगणतीत सगळ्या पंजाबात देशी ख्रिस्ती चार हजारसुद्धा नव्हते, १९३१ ला चार लाखांच्या घरात गेले. मिशनवाले मागनं धावले. मास्तर नाहीत, पाद्री नाहीत, लोक दारात उभे. काही पाद्र्यांना तर ही गर्दी नकोच होती. चर्च म्हणजे चुहड्यांचं असं झालं तर वरची जात फिरकणार नाही, ही भीती. देवाच्या घरातही जातीचा हिशेब.

मुर्दाड खायचं नाही, ही अट नव्या लोकांना घातली गेली. पण धान्याचा वाटा जाटाच्या हातात आन् मोबदल्यात तेच मुर्दाड ओढायचं काम. अट पाळायची कशी, हा प्रश्न साहेबाच्या बंगल्यात पडत नाही. आपल्याकडं १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी इज्जतीचा आन् हक्काचा प्रश्न त्याच्याबरोबर मांडला. चवदार तळं त्याच परिषदेतलं. तेवढं राजकारण स्यालकोटच्या पाद्र्यांकडं नव्हतं.

फाळणीत स्यालकोट पाकिस्तानात गेलं. दित्तच्या भाऊबंदांची नातवंडं-पणतवंडं तिथं ख्रिस्ती म्हणून जगतात, आन् शहरातल्या गटारात उतरणारांत भरणा त्यांचाच. सफाईच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘फक्त गैरमुस्लीम’ असं सरळ छापून आलेलं आहे. शिवी तीच, चुहडा. इकडं भारतात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंत मानली. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच ठेवला. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. त्या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्या महारा-मांगांना विचारा, गावानं त्यांची जात विसरली का?

दित्तला बाप्तिस्मा देताना बिचकलेल्या मार्टिनच्या नावानं पंजाबात कालव्याच्या मुलखात मार्टिनपूर नावाचं गाव आहे.