परशुरामाचा डोंगर, एक हत्ती आणि अठरा वर्षे

फेब्रुवारी १७२७, महाशिवरात्रीचा दिवस. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्रावर अंजनवेलचा सुभेदार सिद्दी सात फौजेसह चालून आला. देवालय मोडले गेले, देवस्थानची संपत्ती लुटली गेली आणि तेथील ब्राह्मणांचा छळ झाला.

निमित्त होते एका हत्तीचे. देवस्थानाचे आधारस्तंभ असलेले ब्रह्मेंद्रस्वामी कर्नाटकात गेले असता त्यांनी सावनूरच्या नबाबाकडून हत्ती मिळवला होता आणि सिद्दी सातला तो हवा होता. कोकणात उतरताना हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी अडवला. हा स्वामींचाच डाव, असा संशय सिद्दीने घेतला आणि राग देवावर काढला.

या घटनेला धर्मयुद्धाचा सरधोपट साचा लावण्याचा मोह होतो. परंतु याच देवस्थानाला पेढे आणि आंबडस ही गावे पूर्वी जंजिऱ्याच्याच सिद्दी याकुतखानाकडून मिळाली होती. हत्ती देणारा सावनूरचा नबाबही मुसलमानच. १७२७ चा घाला हा एका उन्मत्त अंमलदाराचा होता, आणि म्हणूनच तो अधिक भयावह होता. आज इनाम देणारी सत्ता उद्या काय करील, याचा भरवसा उरला नाही.

कोकणच्या रयतेला हे भय नवे नव्हते. सिद्दी आणि मराठे यांच्यात अनेक महालांचा वसूल विभागलेला असे. या दुअमलीत एकाला सारा दिला तरी दुसऱ्याचे शिपाई दारात उभे राहत. भक्कम किल्ले सिद्दीकडे, समुद्रावर आरमारही त्याचे. कान्होजी आंग्रे स्वामींना गुरुस्थानी मानत, तरीही देवालयासाठी त्यांनी सिद्दीशी उघड युद्ध मांडले नाही. सातारा दरबारही तूर्त स्वस्थ राहिला.

स्वामी तेव्हा सत्तरी ओलांडलेले संन्यासी होते. तलवार त्यांच्या हाती नव्हती. त्यांनी कोकण सोडले आणि साताऱ्याजवळ धावडशीस मुक्काम हलवला. पहिल्या नजरेत हे पलायन वाटते. त्यांची पुढील पत्रे वाचली की मत बदलते. शाहू महाराज, बाजीराव, चिमाजी आप्पा, आंग्रे घराण्यातील मंडळी या सर्वांकडे त्यांचा एकच आग्रह दिसतो: भार्गवाचा अपमान करणाऱ्याचे पारिपत्य करा. परशुरामाला ते ‘भार्गव’ म्हणत. सामर्थ्यवान शिष्यांसमोर आर्जव, रुसवा, संताप, शापाची धमकी यांपैकी कशाचीही त्यांना भीड नव्हती. बाजीरावाच्या पित्यालाही त्यांनी पूर्वी आशीर्वाद दिले होते. तो अधिकार ते पुरेपूर वापरत.

त्यांना निव्वळ विरक्त महात्मा ठरवणे मात्र बखरीला शोभेल, इतिहासाला नाही. स्वामी सावकारी करीत. बाजीराव त्यांचा ऋणको होता आणि कर्जाच्या ओझ्याने किती गांजला होता, हे त्याच्याच पत्रांतून कळते. श्रद्धा आणि हिशेबाची वही एकाच मठात नांदत होती. पण पैशाने आज्ञा विकत घेता येते, अनेक वर्षे एकच गोष्ट निर्भयपणे मागत राहण्याचे बळ घेता येत नाही. ते बळ देवावरील निष्ठेतूनच आले असावे.

१७३३ साली जंजिऱ्यात वारसाहक्काचा कलह पेटला आणि मराठ्यांना संधी मिळाली. बाजीराव कोकणात उतरला. जूनमध्ये रायगड परत आला, तोही प्रतिनिधींच्या हातून, त्यामुळे पेशवा आणि प्रतिनिधी यांच्यातील चुरस वाढली. जंजिरा मात्र पडला नाही. पाऊस, इंग्रजांची सिद्दीला मदत आणि सरदारांतील बेबनाव यांमुळे वर्षअखेर मोहीम अर्ध्यावर थांबली. अंजनवेल आणि गोवळकोट सिद्दीकडेच राहिले.

एप्रिल १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने अलिबागेच्या परिसरातील लढाईत सिद्दी सातला गाठले आणि तो मारला गेला. या वार्तेने धावडशीत काय वाटले असेल, हे सांगायला नको.

तरीही ज्या किल्ल्यांच्या बळावर परशुरामावर घाला पडला, ते उरलेच होते. जानेवारी १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी तेही घेतले. अंजनवेलचे नाव गोपाळगड झाले, गोवळकोटाचे गोविंदगड. स्वामी तेव्हा हयात होते. त्याच वर्षी, पावसाळ्यात, त्यांनी धावडशीस देह ठेवला.