परकीय रहिवासी आणि मावळचे ग्रामवृत्त
(मुळशीच्या संदर्भात तीन नोंदवह्यांचा विचार)

महाराष्ट्राच्या ग्रामजीवनाविषयी परकीयांनी जे लिहून ठेवले आहे त्याचा उपयोग करताना आपल्याकडील अभ्यासक बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जातात. परका मनुष्य गावच्या तंट्याबखेड्यांत गुंतलेला नसतो, म्हणून त्याची साक्ष तटस्थ मानावी, असे एक पक्ष म्हणतो. तो राज्यकर्त्यांच्या जातीचा, म्हणून त्याने जे पाहिले ते राज्यकर्त्यांच्या सोयीचेच पाहिले, असे दुसरा पक्ष म्हणतो. ह्या दोन्ही मतांत एक सोय आहे. ती अशी की, प्रत्यक्ष लेखन बारकाईने वाचण्याचे श्रम दोन्ही पक्षांना घ्यावे लागत नाहीत.

ह्या वादात एक भेद नेहमी नजरेआड होतो. प्रवासी निराळा आणि रहिवासी निराळा. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल ह्यांनी १९०८ मध्ये ‘परका’ ह्या विषयावर जे विवेचन केले त्यात हाच मुद्दा मध्यवर्ती आहे. आज आला आणि उद्या निघून गेला, तो झिमेल ह्यांच्या अर्थाने परका नव्हे. आला आणि राहिला, पण राहूनही ज्याचा परकेपणा सर्वस्वी सुटला नाही, तो परका. अशा मनुष्याला गावची बातमी कळते; परंतु ती कोणाच्या तोंडून कळते, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ह्या एका प्रश्नाच्या आधारे पुण्यात राहिलेल्या तीन परकीयांच्या कामाचा विचार करावयाचा आहे. त्यांपैकी पहिल्या दोघांनी अभ्यासिलेली गावे मुळशीबाहेरची, पण पुणे जिल्ह्यातलीच आहेत. तिसऱ्याचे काम मुख्यतः मुळशीच्या डोंगरी भागातच सुरू झाले. पहिल्या दोघांच्या पद्धतींची कसोटी मुळशीच्या इतिहासावर लावून पाहता येते, म्हणून त्यांचा येथे समावेश केला आहे.

१

पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, म्हणजे १८२० च्या सुमारास, पुण्याच्या इंग्रज वकिलातीतील वैद्य टॉमस कोट्स ह्यांनी पुण्यानजीकच्या लोणी ह्या गावाचा वृत्तान्त तयार केला. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या कार्यवृत्ताच्या तिसऱ्या खंडात तो १८२३ मध्ये छापला गेला. गावची जमीन, पिके, पाटील-कुळकर्णी, बलुतेदार, कुणब्यांची घरे, त्यांचे कपडेलत्ते, अन्न आणि त्यांच्यावरील सावकारी कर्ज ह्यांची त्यात नोंद आहे. एका मराठी गावाचे इतके सलग वर्णन त्यापूर्वी क्वचितच कोणी केले असेल. डॉ. गो. स. घुर्ये ह्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच लोणीकंद गावाची पुन्हा पाहणी करून १९६० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा पायाच कोट्स ह्यांचा हा वृत्तान्त होय.

परंतु हे वर्णन कोणत्या वाटेने आले ते पाहावे. नव्या राज्याला गावची व्यवस्था समजून घ्यावयाची होती, आणि त्या व्यवस्थेची माहिती ज्यांच्या हाती होती ते पाटील, कुळकर्णी आणि गावची जाणती पुरुषमंडळी होत. म्हणून कोट्स ह्यांच्या पानांत गाव एक संस्था म्हणून उभा राहतो: कोणाचा हक्क काय, कोणाचे बलुते किती, सरकारचा वसूल किती. माणसे आहेत, पण ती आपापल्या हुद्द्यांनी आणि जातींनी ओळखली जातात. हा दोष एकट्या कोट्स ह्यांचा म्हणता येणार नाही. गावचे दप्तर ज्याच्या घरी, त्याच्या ओसरीवर बसून लिहिले म्हणजे दप्तराचेच गाव दिसावयाचे.

२

दुसरे नाव डॉ. हॅरॉल्ड मॅन (१८७२–१९६१) ह्यांचे. आसामच्या चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करण्यास ते १९०० मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९०७ मध्ये पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे ते मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले व १९२७ पर्यंत येथे राहिले. पुण्यातील अस्पृश्य वर्गांच्या स्थितीवर त्यांनी १९१२ मध्येच लिहिले होते. अधिकारी असूनही शहराच्या सामाजिक प्रश्नांत मन घालणाऱ्या मोजक्या इंग्रजांपैकी ते एक होत.

महाविद्यालयातील सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी हवेली तालुक्यातील पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी केली व ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक ह्या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यावर ना. वि. कानिटकर ह्यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. पिंपळे सौदागर येथे १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. १५६ खातेदारांची जमीन ७१८ तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. शेतीवर पोट भरत नव्हते. जवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील मजुरीने कित्येक घरे कशीबशी तगून होती. ग्रामीण दारिद्र्याचे मूळ शेतकऱ्याच्या आळसात वा उधळपट्टीत आहे, अशी जी समजूत सरकारी वर्तुळांत रूढ होती, तिला ह्या आकड्यांनी मोठा धक्का दिला.

येथे गावाशी बोलणारी यंत्रणा बदललेली दिसते. मॅन पाटलाच्या सांगण्यावर थांबले नाहीत. मोजणीची कागदपत्रे, जुने वसुली दप्तर आणि घरोघरची चौकशी ह्यांचा मेळ त्यांनी घातला. ही चौकशी कानिटकरांसारख्या मराठी सहकाऱ्यांशिवाय शक्यच नव्हती. ह्या पाहण्यांना ‘परकीयाचे लेखन’ म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. त्यांत प्रश्न एका परक्याचा आहे आणि उत्तरापर्यंतची वाट येथल्या माणसांनी घालून दिलेली आहे. शिवाय येथे घर ही गणनेची एक बाब झाली. त्या घराचे उत्पन्न, खर्च आणि कर्ज दिसू लागले. मात्र उत्पन्नात न बसणारे जे काही जमिनीशी निगडित असते, त्याला ह्या तक्त्यांत रकाना नव्हता.

३

तो रकाना किती महत्त्वाचा होता, हे मुळशीने दाखविले, आणि तेही जातेगावची पाहणी प्रसिद्ध झाली त्याच साली.

मुळा आणि निळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, भिरा येथे वीज निर्माण करून ती मुंबईस पुरवावयाची, अशी टाटांच्या कंपनीची योजना होती. मुळशी पेट्यातील पन्नासांवर गावांच्या जमिनींना तिची झळ पोहोचणार होती. ह्या जमिनी आंबेमोहोर भाताच्या होत्या. जमीन कायद्याने ताब्यात येण्यापूर्वीच कंपनीने तेथे चाचणीचे खड्डे खणले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट ह्यांस ‘सेनापती’ हे नाव ह्याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे ह्यांनी लढ्याची संघटना केली व पुढे त्याचा वृत्तान्तही लिहिला. काही काळाच्या तहकुबीनंतर डिसेंबर १९२१ मध्ये लढा पुन्हा सुरू झाला. स्त्रीपुरुष तुरुंगात गेले, आणि १९२४ च्या अखेरीस तो मावळला. १९२७ मध्ये धरण पुरे झाले.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याची भाषा आणि मावळ्यांची घोषणा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर अंतर स्पष्ट दिसते. कायदा विचारतो: ह्या जमिनीची किंमत किती? मावळा म्हणतो: हिची किंमत होत नाही. दोघेही जमिनीविषयीच बोलत आहेत, परंतु एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कोशात नाही. राजेंद्र व्होरा ह्यांनी मुळशी सत्याग्रहाच्या आपल्या अभ्यासात (इंग्रजी ग्रंथ, २००९) आणखी एक भेद पुढे आणला आहे. पुण्यात राहणाऱ्या ज्या सावकार-मालकांच्या नावावर ह्या खोऱ्यातील पुष्कळशी जमीन होती, त्यांचे समाधान चांगल्या मोबदल्याने होण्यासारखे होते. जमीन कसणाऱ्या मावळ्याचे होण्यासारखे नव्हते. म्हणजे ‘स्थानिक मत’ असे एक मत तेथेही नव्हते. परकीयाने स्थानिकांचे म्हणणे नोंदविले, एवढे सांगून भागत नाही. कोणत्या स्थानिकाचे, हे विचारलेच पाहिजे.

आणि सत्याग्रहाची जी बातमी आपल्यापर्यंत आली, ती मराठी वृत्तपत्रांतून, पुढाऱ्यांच्या आठवणींतून आणि सरकारी कागदांतून आली. मुळशीच्या स्त्रिया त्यांत सत्याग्रही म्हणून दिसतात, पण त्यांचे स्वतःचे बोलणे फारसे ऐकू येत नाही. ही उणीव स्वकीय लेखकांचीही आहे, हे लक्षात ठेवावे.

४

ही उणीव अंशतः भरून काढण्याचे काम साठ वर्षांनंतर झाले आणि त्यात एका परदेशी रहिवाशाचा मोठा वाटा होता. गी पॉइट्व्हँ (१९३४–२००४) हे मूळचे फ्रान्सचे. १९७२ पासून पुण्यात राहिले, मराठी शिकले आणि पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. हेमा राईरकर ह्यांच्यासह त्यांनी सामाजिक शास्त्रांतील सहकारी संशोधनासाठी पुण्यात संस्था स्थापिली. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतील भूमिहीन व अल्पभूधारकांच्या ‘गरीब डोंगरी संघटने’शी त्यांचा निकट संबंध होता. त्या संघटनेतील स्त्रियांच्या संगतीत जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहास आरंभ झाला. नांदगाव, कोळवडे अशा मुळशीतील गावांपासून पुढे महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांपर्यंत हा संग्रह पसरला आणि त्यात एक लाख दहा हजारांहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९६ पासून फ्रेंच संगणक-संगीतशास्त्रज्ञ बर्नार बेल ह्यांनी ध्वनिमुद्रणाची व सूचीची व्यवस्था लाविली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ह्या उपक्रमाने ह्या ओव्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

पहाटेच्या अंधारात, घर निजलेले असताना, दोघी जणी जात्याशी बसतात. त्या वेळी बाईचे बोलणे ऐकावयास सासू नसते, दीर नसतो; असते ते जाते आणि समोरची जोडीदारीण. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट, लेकाचे कौतुक, लेकीच्या जन्माचे दुःख, सीतेचा वनवास हे सारे दोन ओळींत बसते. गावची खरी बातमी चावडीवर सांगितली जात नाही अशा घरांत ही ओवी हेच बातमीपत्र होते. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तेव्हा जाते थांबले, आणि जात्याबरोबर ते पत्रही बंद पडले. हा संग्रह काही वर्षे उशिरा सुरू झाला असता तर त्यातील कितीतरी भाग म्हणणारणींबरोबरच नाहीसा झाला असता.

पॉइट्व्हँ-राईरकर ह्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, ओवी म्हणणारी बाई केवळ ‘माहिती देणारी’ राहिली नाही. ओव्या गोळा करणे आणि त्यांच्या अर्थाची चर्चा करणे ह्यांत संघटनेतील स्त्रियांचा सहभाग होता. १९९३ आणि १९९६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन ग्रंथांचे विषयही ह्याची साक्ष देतात: पहिल्यात शेतकरी स्त्रीचे बोलणे आहे, तर दुसऱ्यात जात्यावरची भक्ती आणि पंडितांचे तत्त्वज्ञान ह्यांच्यामधील अंतर.

मात्र ऐतिहासिक साधन म्हणून ओवी वापरताना सावधगिरी हवी. ओवीवर तारीख नसते. आईकडून लेकीकडे येताना ती बदलते. १९८० नंतर उतरवून घेतलेली ओवी १९२१ ची साक्ष म्हणून पुढे करणे अशास्त्रीय होईल. ती घटनेचा पुरावा देत नाही. घटना ज्या मनावर आदळली त्या मनाची घडण दाखविते. घर, माहेर, शिवार ह्यांच्याशी बाईचे नाते ज्या शब्दांत बांधलेले होते ते शब्द ओवीत मिळतात, आणि जमीन जाणे म्हणजे त्या घरात नेमके काय जाणे, ह्याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. एवढी मर्यादा पाळली तर ह्या साधनाची बरोबरी करणारे दुसरे साधन मुळशीपुरते तरी आढळत नाही.

५

तिन्ही नोंदवह्या शेजारी ठेविल्या असता असे दिसते की, दृष्टी ‘परकीय’ आहे ह्या एका गोष्टीने फारसे काही ठरत नाही. तिघेही परके होते. परंतु एकाने दप्तर पाहिले, दुसऱ्याने घरखर्च मोजला, तिसऱ्याने जात्यापाशी कान दिला. फरक पडला तो समोर कोण बसले होते ह्याने. तिसऱ्याच्या बाबतीत तर ‘परकीय’ हा शब्दच डळमळतो. ज्याने नागरिकत्व घेतले आणि ज्याचे काम अर्ध्याहून अधिक राईरकर ह्यांचे व मावळच्या बायांचे आहे, त्याला परका कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? आणि उलट, मुळशीच्या बाईचे म्हणणे कधी न विचारणारा पुण्याचा मराठी लेखक तिला आपला वाटला असेल काय?

म्हणून अशा साधनांचा उपयोग करणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. लेखक तेथे किती काळ राहिला? त्याच्याशी कोण बोलले आणि कोण बोलू शकले नाही? त्याच्या कामात ज्यांचे हात लागले त्यांची नावे त्याने कोठे ठेविली आहेत? हे प्रश्न स्वकीय लेखकांनाही तितकेच लागू आहेत. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात विरले आहे. हिंजवडीच्या बाजूने मुळशी तालुकाही शहर होत चालला आहे, आणि देशोदेशींचे लोक तेथे येऊन राहत आहेत. ह्या नव्या रहिवाशांपैकी कोणी उद्या मुळशीविषयी लिहील. ते लेखन पुढच्या अभ्यासकाच्या हाती पडेल तेव्हा लेखक कोणत्या देशाचा, हे त्याने शेवटी विचारावे. कोणाच्या उंबऱ्याशी बसून ते लिहिले गेले, हे आधी.