चेहऱ्याचा रंग हिरवा का?

“यंदा देवधर्म आणि पाककृती सोडून दुसरे काही लिहा,” असा मंडळाच्या भगिनींचा आग्रह पडला, म्हणून हे चार शब्द. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दोन वर्षे झाली, दुपारचे आवरले की मी तैलरंगात चेहरे काढायला शिकते आहे.

तैलरंग म्हणजे साहेबाचे काही तरी, असे वाटते ना? पण त्यातले तेल आपल्या जवसाचे, ज्याची आपण चटणी करतो! रंगाची पूड त्यात घोटतात. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. त्याला कित्येक दिवस लागतात. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट झाले तर पुढे भेगा पडतात. आपल्यासारखीला हे सोयीचेच. पोळ्या लाटून परत यावे, तरी रंग ओलाच.

मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालची. तिथली शिकवण साहेबी, चेहरा हुबेहूब उतरला पाहिजे अशी. पण जर्मनीत १९०५ साली ड्रेस्डेन शहरी चार विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढले. चेहरा दिसतो तसा नव्हे, मनाला जाणवतो तसा काढायचा. मग गाल हिरवा का होईना! यालाच अभिव्यक्तिवाद म्हणतात. हिटलरला हे खपले नाही. १९३७ साली म्युनिकला ही चित्रे ‘भ्रष्ट’ ठरवून, लोकांनी हसावे म्हणून भिंतीवर टांगली गेली. पुढच्याच वर्षी त्याने ऑस्ट्रिया गिळला. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांची पत्नी ज्यू. दोघे देश सोडून मुंबईस आले. रविवारी त्यांच्या घरी रझा, आरा अशी तरुण मंडळी जमू लागली आणि रंगाचे नवे धडे घेऊ लागली. त्यांचे घर सुटले तेव्हा आपल्याकडे ही विद्या आली, हे मनाला लागते.

गोव्याचे सूझा यांना आईने शिवणकाम करून वाढवले. राजकारणात पडले म्हणून १९४५ साली जे. जे.तून त्यांना काढले. त्या रागात घरी येऊन त्यांनी रंगाच्या नळ्या पिळल्या आणि सुरीने निळ्या स्त्रीचे चित्र रंगविले. १९४७ साली सूझा, आरा, रझा, गाडे, बाकरे आणि आपल्या शेजारी पंढरपूरला जन्मलेले हुसेन यांनी प्रोग्रेसिव्ह गट काढला. सहाही पुरुष! पुढे नागपूरकडच्या बी. प्रभा यांनी खेड्यातल्या कष्टकरी बायांची उंच, शिडशिडीत, उदास चित्रे तैलरंगातच काढली. त्या पाहिल्यावर मला धीर आला.

मी सासूबाईंना समोर बसवले. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात. त्या वयातला त्यांचा एकही फोटो घरात नाही. कपाळावरचे ऊन मी तांबडे लावले, डोळ्यांखालची भूक हिरवी. घरात एकच गलका झाला, “आईचा चेहरा असला असतो का?” हुबेहूब हवा तर आधारकार्डावर आहेच की! सासूबाईंनी मात्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “ऊन आणखी होतं गं.”

म्हणून कपाळावर आणखी एक थर दिला आहे. चित्र माडीवर ठेवले आहे. भगिनींनी जरूर पाहायला यावे, मात्र हात लावू नये, रंग ओला आहे.